हात कशात होता?

आमच्या फुलसावंगीच्या घरात कुणाची पापणी खाजून लाल झाली, सुजली, की मोठी आई औषधाचं नाव काढायच्या आधी विचारायची, "हात कशात होता?" डोळा ती नंतर पाहायची. आधी दोन्ही हात पालथे-उताणे करून बघायची, बोटांचा वास घ्यायची, नखं तपासायची. मग न्हाणीत नेऊन कोपरापर्यंत हात धुवायला लावायची, आणि त्यानंतर कुठे तोंडावर पाण्याचे हबके. मध्येच कुणी डोळा चोळला की ओरडायची, "काहून चोळून राहिला बे डोया? धू पहिले!"

आम्ही चुलत-आत्ये भावंडं आता साठीच्या पुढे गेलो. कुणी पुसदला, कुणी नागपूरला, कुणी पुण्याला. फोनवर कुणी नुसतं म्हटलं की पापणी चरचरते, की पलीकडून हाच प्रश्न येतो आणि बोलणं जुन्या घरात शिरतं. जो तो आपापली आठवण घालतो. त्या सगळ्यांच्या आठवणी मिळून हे लिहितो आहे.

फुलसावंगी महागाव तालुक्यातलं, यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण अंगाचं गाव. पैनगंगेच्या पलीकडे माहूरगड. काळी जमीन, कापूस, ज्वारी, तूर. आमच्या लहानपणी पापणीला त्रास देणाऱ्या गोष्टींची तिथे मुळीच कमतरता नव्हती. चुलीत पऱ्हाट्या आणि तुराट्या. पावसाळ्यात त्या ओलसर झाल्या की फुंकणीनं फुंकून फुंकून आई-काकूंचे डोळे लाल व्हायचे, कडा सोलवटायच्या. वर्षाचं तिखट कांडायच्या दिवशी घरातलं एकही माणूस डोळे कोरडे ठेवून जेवत नसे. कापूस वेचून आणला की एक अख्खी खोली छतापर्यंत भरायची. भाव वाढेल म्हणून तो महिनोन् महिने राहायचा, आणि आम्ही त्याच्यावर उड्या मारायचो. चार दिवसांत सगळ्यांच्या अंगाला खाज, मान लाल, पापण्या जड. हे आजही विदर्भात घरोघर होतं. कापूस घरात साठवला की घरच्यांना खाज सुटते. मोठी आई तेव्हा त्या खोलीला कडी लावायची आणि आमची अंथरुणं उन्हात टाकायची. दुसरं काही करायची नाही आणि तेवढ्यानं बरं वाटायचं.

बांधावरची खाजकुयरी ही शत्रूच होती. तिच्या शेंगेवरची सोनेरी लव हाताला लागली की हात खाजतो, आणि त्याच हातानं डोळ्याला स्पर्श केला की पोर गडाबडा लोळतं. तिथे पाण्यानं चोळून धुतलं तर लव आणखी पसरते, म्हणून मोठी आई आधी अंगावर शेण-मातीचा पातळ लेप द्यायची, तो सुकला की खरवडून काढायची आणि मग आंघोळ. डोळ्याजवळ मात्र माती नाही. तिथे ओल्या फडक्याच्या टोकानं टिपून घ्यायचं. एवढा बारकावा तिला कुणी शिकवला असेल, देव जाणे.

पण आमच्या घराच्या आठवणीत पहिला मान बिब्याचा. बिबा आमच्याकडे दारावर लिंबू-मिरचीबरोबर दोऱ्यात ओवलेला असायचा, भेगाळलेल्या टाचांवर सुईला टोचून दिव्यावर तापवून त्याचा थेंब सोडला जायचा, परिटाकडे कपड्यांच्या कोपऱ्यावरची न जाणारी काळी खूण त्याच्याच रसाची. आणि आतली गोडंबी हा आमचा खाऊ. गोडंबी फोडायला बसलेल्या बायका हाताला राख किंवा तेल चोळून घेत. आम्हा पोरांना तो धीर नसायचा. बिबा फोडल्यावर लगेच काहीच होत नाही, हीच त्याची खोड. हाताला डाग पडतो, पोर विसरून जातं, रात्री झोपेत डोळे चोळतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सकाळी पाहावं तर दोन्ही डोळे मिटलेले, पापण्या टम्म, कपाळावर पाणीदार फोड. घरात एकच हाकाटी, "बिबा उतला!" मग तीळ आणि सुकं खोबरं चघळायला द्यायचे, तेच वाटून फोडांच्या कडेनं लावायचे. आंबे उतरवताना चीक उडाला तरी ओठांवर आणि पापण्यांवर असंच काहीतरी उठायचं. आंबा, काजू आणि बिबा एकाच कुळातली झाडं, हे पुढे वनस्पतिशास्त्र शिकलेल्या चुलतबहिणीनं सांगितलं तेव्हा मोठी आई म्हणाली, "मंग! चीक तर सारखाच जाळते."

हाताला काही नाही आणि डोळ्यालाच का, हे कोडं आम्हाला पडायचं. त्याचं उत्तर साधं आहे. तळहाताची कातडी जाड, राबून आणखी घट्टे पडलेली. पापणीची कातडी साऱ्या अंगावर सगळ्यात पातळ, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी. हाताला जे कळतसुद्धा नाही ते पापणीला जाळतं. शिवाय पापणीखालचा थर सैल, त्यात पाणी लगेच साठतं, आणि रात्रभर आडवं झोपल्यानं सकाळी सूज जास्त दिसते. मोठी आई यातलं काही शिकली नव्हती, पण तिचा प्रश्न नेमका इथेच बोट ठेवणारा होता.

तिचं खरं औषध म्हणजे धुतलेलं तूप. वैद्य त्याला शतधौत घृत म्हणतात, आमच्याकडे नुसतं "धुतलेलं". ते करताना आम्ही सगळे भोवती बसायचो. तांब्याचं मोठं ताट, त्यात गाईच्या थिजलेल्या तुपाचा लिंबाएवढा गोळा, वर थंड पाण्याची ओंजळ. पितळी वाटीचं बूड त्यावर ठेवून ती गोल गोल घासायची. पाणी गढूळलं की ताट तिरपं करून ओतायचं, नवं पाणी घ्यायचं, पुन्हा घासायचं. शंभर वेळा म्हणायचं; मोजणी आम्हा पोरांकडे, आणि आमच्यात आकड्यावरून भांडण ठरलेलं. हळूहळू पिवळं तूप पांढरं होत जायचं, त्याचा तुपकट वास जायचा, आणि शेवटी लोण्यासारखा फुगलेला गार गोळा उरायचा. करंगळीच्या टोकावर मसुराएवढं घेऊन मिटलेल्या पापणीवर ती फिरवायची, कडेच्या आत जाऊ द्यायची नाही. आग थांबायची. कोरड्या, सोलवटलेल्या पापणीला मऊ, बिनवासाचं काहीतरी लावून झाकणं, हे आजचे चामडीचे डॉक्टरही सांगतात. ते साधी पेट्रोलियम जेली लावायला लावतात. खपलीवर पू दिसला तर मात्र मोठी आई तुपाला हात लावू देत नसे.

रांजणवाडी आली तर लवंग सहाणेवर उगाळून, किंवा तळहातावर बोट घासून गरम करून त्याचा शेक. शेक खरंच उपयोगी, गरम फडक्याचा तर फारच. लवंगेनं आमची पापणी पोळायची, ते कुणी मनावर घेत नसे.

आता जे चुकीचं होतं तेही सांगायला हवं, कारण जुन्या घराची आठवण काढताना आपण त्याला फारच सोवळं करून ठेवतो. काजळ. एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याची ताटली पालथी धरून जमवलेली काजळी तुपात कालवून डबीत भरायची, आणि रोज संध्याकाळी आई त्या एका डबीतून, त्याच एका बोटानं, ओळीनं साऱ्या पोरांच्या डोळ्यात घालायची. चिपडं आलेल्या पोराचंही तेच बोट. तोंड पुसायला एकच पदर, एकच पंचा. बाळाच्या डोळ्यात अंगावरच्या दुधाचा थेंब. माया होती त्यात, हे कोण नाकारेल? पण एकाचा डोळा आला की आठवड्यात घर लाल व्हायचं ते त्या बोटामुळे आणि पदरामुळे.

आणि खुपऱ्या, म्हणजे ट्रॅकोमा. हे नाव आता नातवंडांना सांगूनही कळत नाही. पंजाब, राजस्थान, गुजरातकडे त्यांचा जोर मोठा, पण आमच्या आजीच्या पिढीतल्या बायकांमध्ये त्या आमच्याकडेही होत्या. लहानपणी पुन्हा पुन्हा संसर्ग झाला की वरच्या पापणीच्या आतल्या बाजूला व्रण पडतात, पापणी आत ओढली जाते, आणि तिचेच केस बुबुळावर घासू लागतात. आमची आजी सकाळच्या उन्हात ओसरीच्या पायरीवर बसायची. आत्या तिची पापणी अंगठ्यानं वर उचलून धरायची आणि लहान चिमट्यानं एकेक केस उपटायची. आजी हूं की चूं करत नसे. गालावरून नुसतं पाणी वाहायचं. केस उपटून झाले की डोळा मिटून म्हणायची, "झालं वो बाई, आता महिनाभर बरं." महिन्यानं केस पुन्हा उगवत. खुपऱ्यांसाठी सरकारनं १९६३ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, १९७६ मध्ये अंधत्व नियंत्रणाचा. सरकारी दवाखान्यातून टेट्रासायक्लिनच्या मलमाच्या नळ्या घरात येऊ लागल्या आणि नर्सबाई प्रत्येकाला वेगळं फडकं ठेवा म्हणून बजावू लागल्या. आईनं ते ऐकलं. आमच्या धाकट्या भावंडांना आपापल्या नावाचे पंचे मिळाले, काजळाची डबी फडताळात वर गेली. ऑक्टोबर २०२४ मध्ये भारतातून खुपऱ्या हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून संपल्याचं जागतिक आरोग्य संघटनेनं जाहीर केलं. त्या दिवशी आमच्या फोनांवर आजीचीच आठवण होती.

या सगळ्यांवर कडी केली ती मात्र एका गवतानं.

१९७२ च्या दुष्काळात रेशनवर लाल मिलो यायची, कामावर सुकडी मिळायची. त्या परदेशी धान्याबरोबर हे गवत आलं, असं गावात सगळे म्हणत. प्रत्यक्षात ते त्याच्याही आधी देशात पोहोचलं होतं. १९५५ साली पुण्यात त्याची नोंद झाली, आणि अमेरिकेहून आलेल्या गव्हातून त्याचं बी आलं असं मानलं जातं. आमच्या शिवारात ते दिसू लागलं ते आम्ही शाळेत असताना. गाजरासारखं पान, पांढरी बारीक फुलं, दिसायला गोजिरवाणं. पोरी त्या फुलांच्या वेण्या करून खेळल्या. बघता बघता ते सडकेच्या कडेला, गोठ्यामागे, शाळेच्या मैदानात, पडीक वावरात उभं राहिलं. एका झाडाला हजारोंनी बी. गुरं तोंड लावत नाहीत. गाजर गवत, काँग्रेस गवत, ज्याला जे नाव आवडलं ते.

मोठ्या बाबांची, म्हणजे मोठ्या आईच्या यजमानांची, पापणी त्याच गवतानं धरली. पहिल्या पावसाळ्यात थोडी खाज, दिवाळीनंतर बरी. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा, आणि या वेळी मानेच्या वळ्या, कोपराच्या आतल्या आणि गुडघ्यामागच्या घड्याही. काही वर्षांनी ऋतू उरलाच नाही, बारमाही झालं. पापण्या जाड, काळपट, त्यांवर आडव्या रेघा. कपाळाची आणि कानाची कातडी फुगून तिला घड्या पडल्या. रात्री ते झोपेत खाजवायचे आणि मोठी आई उठून त्यांचे हात धरून बसायची. चेहरा बदलला तशी गावात कुजबुज सुरू झाली की मोठा रोग, म्हणजे कुष्ठरोग, आहे. लग्नकार्यात लोक त्यांच्या पंगतीतून उठून दुसरीकडे बसत. मानी माणूस; त्यांनी हळूहळू बाहेर जाणंच सोडलं. नांदेड जिल्ह्यातल्या उनकेश्वरच्या गरम झऱ्यांवर चामडीच्या दुखण्याचे लोक जातात. तिथेही ते राहून आले. गरम पाण्यानं दोन दिवस बरं वाटलं. मग परतीच्या वाटेवर तेच गवत.

शेवटी यवतमाळला चामडीच्या डॉक्टरांनी त्यांना खुर्चीवर बसवलं, पापण्या पाहिल्या, हनुवटी वर करायला लावून गळा पाहिला, कानामागे पाहिलं, आणि विचारलं, "वावरात पांढऱ्या फुलाचं गवत आहे का? हातानं उपटता का?" सोबत मोठी आई होती. ती नंतर सगळ्यांना सांगायची, "डागदर माह्यासारखाच बोलला." त्यांनी जे समजावलं ते आम्हाला पाठ आहे. नुसत्या उन्हानं कातडी बिघडली तर वरची पापणी, हनुवटीखालचा आणि कानामागचा भाग बहुधा वाचतो, कारण तिथे ऊन पोहोचत नाही. हवेतून उडणारा भुगा मात्र सावली पाहत नाही, तो पापणीच्या घडीत जाऊन बसतो आणि घामात विरघळतो. गाजर गवताच्या वाळलेल्या पानाफुलांच्या भुग्यात, त्याच्या लवेत पार्थेनिन नावाचं द्रव्य असतं. एकदा अंगानं त्याच्याशी वैर धरलं की सहसा जन्मभर सोडत नाही. पाठीवर त्या गवताच्या अर्काची पट्टी चिकटवून दोन दिवस ठेवली. पट्टी काढली तेव्हा खाली लाल फुगवटा होता. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीलाच पुण्याच्या डॉक्टरांनी या दुखण्याची साथच चालू असल्याचं वैद्यकीय नियतकालिकांत लिहिलं होतं. गावापर्यंत ते कळायला किती वर्षं गेली! तोवर मोठ्या बाबांसारखी किती माणसं उगीच घरात तोंड लपवून बसली असतील, याची चीड आजही येते.

पोटात घ्यायच्या गोळ्यांनी आग उतरली, पण घरानं जे केलं त्याचा वाटा मोठा. वावरातून आल्यावर मोठ्या बाबांनी आधी न्हाणीत जायचं, कपडे तिथेच काढायचे. धुतलेले कपडे कुंपणावर टाकायचे नाहीत, ओसरीत दोरीवर. बाहेर जाताना दुपट्टा नाकातोंडाला आणि कपाळाला. घराभोवतीचं गवत आम्ही पोरांनी, हाताला पोत्याच्या तुकड्यांच्या पिशव्या बांधून, पावसानं माती ओली असताना मुळासकट उपटायचं, फूल धरण्याआधी. उपटलेल्या जागी तरोटा पेरायचा. तरोटा दाट येतो आणि गाजर गवताला वर येऊ देत नाही, आणि कोवळ्या पानांची भाजी होते. तरोट्याची भाजी आमच्या घरात आजही आवडीनं होते. पुढे मेक्सिकन भुंग्यांबद्दल वाचलं. १९८३-८४ च्या सुमारास ते मेक्सिकोहून आणून बंगळूरजवळ सोडले. पावसाळ्यात ते या गवताची पानं कुरतडतात. दर ऑगस्टमध्ये १६ ते २२ तारखेला गाजर गवत जनजागृती सप्ताह असतो. गावोगावच्या शाळांनी तो मनापासून पाळावा असं फार वाटतं.

या काळातच घरात ट्यूब शिरली. आत्याची पापणी खाजायची. औषधाच्या दुकानातून कुणीतरी एक ट्यूब दिली, एका रात्रीत लाली गेली. मग ती ट्यूब उशाशीच राहू लागली. खाजली की लाव. ते स्टेरॉइडचं मलम होतं. अंगावर चार दिवस लावायचं औषध पापणीवर महिनोन् महिने लावलं की आधीच पातळ कातडी आणखी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, सोडलं की दुप्पट खाज येते, आणि डोळ्यात उतरलं तर दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदू लवकर येऊ शकतो. डोळ्याच्या डॉक्टरांनी आत्याला ती ट्यूब हळूहळू सोडायला लावली आणि डोळ्याचा दाब तपासत राहिले. आत्याची खाज मुळात आली होती केस काळे करायच्या रंगातून. टाळूला काहीच नाही, रंग धुताना ओघळ पापणीवर, आणि तिथे सगळा जाळ. आमच्या मुलींच्या वेळी नखांच्या रंगानं तेच केलं : बोटं छान, पापण्या लाल. डॉक्टरला नखं दाखवायचं कुणाच्या मनात येईल? मोठी आई असती तर नखं तिनं आधी पाहिली असती.

२०१७ च्या पावसाळ्यात आमच्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो माणसं विषबाधेनं दवाखान्यात गेली, विसावर माणसं दगावली. कित्येकांना डोळ्यांची आग आणि अंधुक दिसणं हीच पहिली खूण होती. तेव्हापासून आम्हा भावंडांपैकी जे अजून शेती करतात त्यांना आम्ही पावसाळ्यात फोन करून विचारतो की चष्मा आणि हातमोजे आणले का. फवारणीनंतर डोळा खाजला तर तो चामडीचा किरकोळ त्रास समजून घरी बसायचं नाही. भरपूर पाण्यानं धुवायचं आणि दवाखाना गाठायचा.

फुलसावंगीच्या, महागावच्या, उमरखेडच्या घराघरांतल्या नव्या सुनांना आणि पोरांना एवढंच सांगणं आहे. घरात कुणाची पापणी खाजली की आधी त्याचा दिवस विचारा : वावरात काय उपटलं, केसांना काय लावलं, नखांना काय, कोणत्या खोलीत झोपला. धुतलेलं तूप जमत असेल तर जरूर करा, पंचा ज्याचा त्याला ठेवा, काजळाची डबी बाळापासून दूर राहू द्या. डॉक्टरांनी ट्यूब जितके दिवस सांगितली तितकेच दिवस लावा. आणि पापणीबरोबर डोळाही दुखू लागला, उजेड सहन होईना, अंधुक दिसायला लागलं, तर धण्याच्या पाण्यासारखे घरगुती उपाय करत बसू नका. त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरकडे निघा.